त्रैभाषिक संकेतस्थळ आणि दृष्टिबाधित सभासद: कामाला हात कुठून घालावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यातील आपल्या सौहार्द सहकारी संस्थेचे संकेतस्थळ मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांत आहे. सभासदांपैकी काही जण पूर्ण अंध आहेत, काहींची नजर मधुमेहाने किंवा वयोमानाने अधू झाली आहे, आणि त्यांपैकी एकाने वार्षिक सभेत उठून सांगितले की संकेतस्थळावरचे काहीच आपल्याला वाचता येत नाही, कर्जाचा अर्ज भरणे तर दूरच. संकेतस्थळ बनवणाऱ्याने यावर उपाय म्हणून पानाच्या कोपऱ्यात बसणारे एक ‘ॲक्सेसिबिलिटी’चे, म्हणजे सुगम्यतेचे, बटण सुचवले आहे, ज्याचे भाडे दरवर्षी द्यावे लागेल. ते घ्यावे का, आणि घ्यायचे नसेल तर सुरुवात कुठून करावी, असे आपण विचारले आहे.

बटण घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ही बटणे अक्षर मोठे करतात, रंग उलटे करतात, एखादा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवतात. पण ज्याला दिसत नाही तो माणूस आपल्या संकेतस्थळावर येतो तेव्हा वाचून दाखवणारे साधन, म्हणजे स्क्रीन रीडर, बरोबर घेऊनच आलेला असतो. संगणकावर तो एनव्हीडीए किंवा जॉज वापरतो, ॲण्ड्रॉइड फोनवर टॉकबॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर. त्या साधनाचा आवाज, वेग आणि बोटांच्या खुणा त्याने आपल्या सवयीप्रमाणे लावून घेतलेल्या असतात, आणि सरावलेला माणूस तर इतक्या वेगाने ऐकतो की शेजारी बसलेल्याला एक शब्द उमगत नाही. अक्षर मोठे करण्याची सोय ब्राउझरमध्ये आणि फोनमध्ये आधीच आहे. म्हणजे हे बटण ज्याच्यासाठी घ्यायचे त्याला त्याची गरज नसते, आणि ज्या मजकुरामुळे अडचण आहे तो मजकूर बटणामागे जसाच्या तसा राहतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2025 साली ॲक्सेसिबी या अशाच साधनाच्या कंपनीला 10 लाख डॉलर भरायला लावले, कारण आपले साधन बसवले की कोणतेही संकेतस्थळ सुगम्यतेच्या निकषांत बसते हा तिचा दावा टिकला नाही. बटणाच्या भाड्याचा पैसा आपण मजकूर दुरुस्त करण्यावर घालावा.

आता मूळ दुखण्याकडे येतो. सुगम्यतेचे जगभर मानले जाणारे निकष म्हणजे वेब कंटेंट ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स, म्हणजेच डब्ल्यूसीएजी, त्यांची 2.2 ही आवृत्ती 5 ऑक्टोबर 2023 रोजी प्रसिद्ध झाली. निकष चांगले आहेत, पण पानावर दिसणारे अक्षर संगणकाच्या लेखीही तेच अक्षर आहे असे ते बहुतेक ठिकाणी गृहीत धरून चालतात. बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या पट्ट्यातील संस्थांच्या संकेतस्थळांवर नेमके हेच गृहीत धरता येत नाही, आणि म्हणून इथल्या कामाची सुरुवात निकषांच्या यादीच्या एक पायरी अलीकडे करावी लागते.

आपल्याकडचे अहवाल, नोटिसा, पोटनियम वर्षानुवर्षे छापखान्यात श्रीलिपीसारख्या प्रणालीत जुळवले गेले, आणि कन्नड बाजू नुडी किंवा बरहमध्ये. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी जागतिक पद्धत. या प्रणालींच्या युनिकोडपूर्व फॉन्टांत रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी देवनागरीचे किंवा कन्नडचे तुकडे बसवलेले असतात. डोळ्यांना ‘कर्ज’ दिसते, पण साठवलेले असते ते रोमन अक्षरांचे आणि विरामचिन्हांचे एक कडबोळे. छापखान्याच्या फाइलीतील मजकूर तसाच उचलून, फॉन्टसकट संकेतस्थळावर चढवला की डोळस सभासदाला सगळे ठीक दिसते, आणि स्क्रीन रीडर ते कडबोळे इमानाने वाचत सुटतो. याची परीक्षा अगदी सोपी आहे: पानावरची एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवून पाहावी. मराठी उमटली तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. कचरा उमटला तर दृष्टिबाधित सभासदाच्या कानावर तोच कचरा पडतो आहे, आणि जाता जाता सांगायचे तर गूगललाही आपले पान मराठीत शोधून सापडत नाही.

जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये नेणारी रूपांतरके उपलब्ध आहेत आणि ती वापरावीत, मात्र त्यांच्या हातून आलेला मजकूर मराठी आणि कन्नड दोन्ही जाणणाऱ्या माणसाने तपासल्याशिवाय चढवू नये. जुन्या फॉन्टात अक्षरे दिसण्याच्या क्रमाने साठवली जातात, उच्चाराच्या क्रमाने नव्हे. त्यामुळे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी येते आणि रफार व्यंजनाच्या नंतर. ‘कर्ज’ आणि ‘अर्ज’ या शब्दांत रफार ‘ज’नंतर ठेवलेला असतो. रूपांतरकाने तो उचलून ‘ज’च्या आधी नेला नाही, तर पतव्यवहाराच्या संकेतस्थळावर सगळ्यांत जास्त वेळा येणारे हेच दोन शब्द बिघडलेले निघतात. दुसरी ठरलेली चूक ‘ऱ्या’ची: ‘दुसऱ्या हप्त्या’चे ‘दुसर्या हप्त्या’ होते. कन्नडमध्ये रफाराची आणि जोडाक्षरांतील खाली लिहिल्या जाणाऱ्या व्यंजनांची अशीच गत होते. डोळस वाचक अशा चुका मनातल्या मनात सुधारून पुढे जातो; ऐकणाऱ्याला आवाजाने जे उच्चारले तेच मिळते.

दुसरा प्रकार चित्रांचा. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस, दिवाळीतील ठेव योजना, कर्जमुक्तीची एकरकमी सवलत, हे सगळे हल्ली तोरण, समई आणि संचालकांच्या छायाचित्रांसह एका रंगीत चित्रात बनवून घेतले जाते, व्हॉट्सॲपवर फिरते आणि तेच चित्र संकेतस्थळावर चढते. स्क्रीन रीडर तिथे पोचला की ‘ग्राफिक’ म्हणतो आणि फाइलीचे नाव वाचतो, म्हणजे बहुधा कॅमेऱ्याने किंवा व्हॉट्सॲपने दिलेला आकड्यांचा एक लांबलचक क्रमांक. यावर उपाय म्हणून संपूर्ण नोटीस पर्यायी मजकुराच्या (‘ऑल्ट टेक्स्ट’, म्हणजे चित्राऐवजी वाचून दाखवला जाणारा मजकूर) चौकटीत कोंबू नये. त्या चौकटीतला मजकूर एका दमात वाचला जातो. त्यात मागे-पुढे जाणे, तारीख पुन्हा ऐकणे, अक्षर-अक्षर तपासणे अवघड जाते. नोटिशीचा मजकूर पानावर साध्या परिच्छेदांत लिहावा आणि चित्र हवेच असेल तर त्याखाली शोभेपुरते ठेवावे. शोभेच्या चित्राला पर्यायी मजकूर रिकामा द्यावा, पण तो गुणधर्म लिहिणे टाळू नये, कारण तो लिहिलेलाच नसेल तर वाचक साधन पुन्हा फाइलीच्या नावावर जाते. ज्या चित्रातून खरोखर काही कळते, उदाहरणार्थ नव्या शाखेच्या इमारतीचे छायाचित्र, त्याला एक वाक्य पुरे: ‘जांबोटी रस्त्यावरील नवी शाखा, तळमजला, प्रवेशाला तीन पायऱ्या.’ पायऱ्यांचा उल्लेख मी मुद्दाम केला आहे, कारण पांढरी काठी घेऊन येणाऱ्या सभासदाला इमारतीच्या रंगापेक्षा तो उपयोगी पडतो.

तिसरा प्रकार पीडीएफचा, आणि तो सर्वांत चिवट. सही-शिक्क्यानिशी कागद स्कॅन करून चढवलेली पीडीएफ हे पुन्हा चित्रच. टेसेरॅक्टसारख्या मोफत साधनाने मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्या ओळखता येतात, मात्र गोल शिक्का नेमका रकमेवर बसलेला असला की ओळख तिथेच बिघडते, म्हणून आकडे माणसाने पडताळावेच लागतात. वर्डमधून थेट ‘सेव्ह ॲज’ करून काढलेली पीडीएफ बरी, कारण तिच्यात शीर्षके आणि तक्ते यांच्या खुणा राहू शकतात. प्रिंटचा मार्ग वापरून काढलेल्या पीडीएफमध्ये त्या उरत नाहीत. परंतु भारतीय लिप्यांत एक जास्तीची अडचण आहे: मूळ मजकूर युनिकोडमध्ये असूनही पीडीएफमध्ये जोडाक्षरांची चित्रे साठवली जातात, आणि त्यांवरून मूळ अक्षरे परत मिळवताना वेलांट्या इकडच्या तिकडे होतात. म्हणून माझा आग्रह असा असतो की जे सभासदाने वाचावे असे वाटते ते एचटीएमएल पानावर, म्हणजे संकेतस्थळाच्या साध्या पानावर, लिहावे, आणि पीडीएफ फक्त छापून सही करण्यासाठी त्याच पानावर जोडावी. पोटनियम, कर्जाच्या अटी आणि शेवटच्या वर्षाचा अहवाल एवढे आधी करावे. पंधरा वर्षांपूर्वीचे अहवाल कोणी मागितले तर बघता येईल.

मजकूर खरा झाला की पुढचे काम भाषा सांगण्याचे, आणि सीमाभागात हे काम इतर कुठल्याही जागेपेक्षा जास्त महत्त्वाचे आहे. एचटीएमएलमध्ये ‘लँग’ नावाचा गुणधर्म असतो. त्यात मराठीसाठी एमआर, कन्नडसाठी केएन आणि इंग्रजीसाठी ईएन असे लिहायचे असते. संपूर्ण पानाची भाषा सांगणे हा डब्ल्यूसीएजीचा सर्वांत खालच्या, म्हणजे ‘ए’ पातळीचा निकष आहे, आणि पानातील परक्या भाषेच्या भागाची भाषा सांगणे हा ‘डबल ए’ पातळीचा. बाजारात मिळणाऱ्या तयार साच्यांत ही भाषा इंग्रजी लिहिलेली असते आणि मराठी मजकूर भरताना ती बदलायचे कोणाच्या लक्षात येत नाही. मग वाचक साधन इंग्रजी आवाज निवडते. काही आवाज देवनागरी अक्षरे गाळूनच टाकतात, काही ती सुटी-सुटी वाचतात. गुणधर्म मुळात दिलाच नसेल तर साधनाला लिपीवरून अंदाज बांधावा लागतो. कन्नडची लिपी जवळजवळ कन्नडचीच, त्यामुळे तिथे अंदाज चुकत नाही; देवनागरी मात्र मराठी, हिंदी, कोकणी, संस्कृत या सगळ्यांची आहे, आणि अंदाज बहुधा हिंदीकडे झुकतो. ‘चार जामीनदारांच्या सह्या झाल्यानंतर’ हे हिंदी आवाजात ऐकले तर अर्थ लागतो, पण दर ओळीला कान ठेचकाळतो, कारण आपले ‘चमचा’तले च आणि ‘जमा’तला ज हे उच्चार त्या आवाजात नाहीतच. डोळस माणसाला मराठी वर्तमानपत्र वेड्यावाकड्या अक्षरांत छापून दिले तर तो जितका वेळ सहन करील, तितकाच वेळ ऐकणाराही करतो.

आपल्या पानांवर तिन्ही भाषा एकाच वाक्यात येऊ शकतात: संस्थेचे नोंदणीकृत नाव कन्नड लिपीत, मजकूर मराठीत आणि ‘ओव्हरड्राफ्ट’सारखा शब्द रोमन लिपीत. प्रत्येक तुकड्याला खूण करत बसावे का? माझा नियम असा आहे की मराठीत रुळलेला इंग्रजी शब्द देवनागरीतच लिहावा आणि त्याला खूण करू नये, कारण आवाज मध्येच बदलला तर वाक्याची लय तुटते. दुसऱ्या लिपीतले पूर्ण नाव, वाक्य किंवा परिच्छेद असेल तर मात्र खूण अवश्य करावी. एनव्हीडीएमध्ये भाषेनुसार आवाज आपोआप बदलण्याची सोय आहे आणि त्याच्यासोबत येणारा ईस्पीक हा आवाज मराठी आणि कन्नड दोन्ही बोलतो; कोरडा, यांत्रिक बोलतो, पण बोलतो. ब्रेल पट्टी (पडद्यावरचा मजकूर उठावाच्या ठिपक्यांत दाखवणारे साधन) वापरणाऱ्यासाठी तर ही खूण आणखी गरजेची आहे. भारती ब्रेलमध्ये सगळ्या भारतीय लिप्यांचे समान ध्वनी समान ठिपक्यांनी लिहिले जातात, ‘क’ मराठीतही आणि कन्नडमध्येही 1 आणि 3 क्रमांकांच्या ठिपक्यांनीच येतो, त्यामुळे समोरची ओळ कोणत्या भाषेतली आहे हे डोळस वाचकाला लिपीवरून कळते तसे बोटाला कळत नाही.

भाषा बदलण्याची जागा हाही याच कामाचा भाग आहे. तिथे झेंडे किंवा राज्यांची चिन्हे नसावीत (ती का नसावीत हे या भागात वेगळे सांगायला नको), तीन साधे दुवे असावेत, प्रत्येक भाषेचे नाव त्या भाषेच्या लिपीत आणि त्या भाषेची खूण करून. खाली उघडणारी यादी ठेवली आणि बाणाची कळ दाबताच पान बदलत असेल, तर कळफलक वापरणारा माणूस मराठीवरून इंग्रजीकडे जाताना मधल्या कन्नडवर पोचताच तिकडे फेकला जातो. आणि भाषा बदलल्यावर तेच पान दुसऱ्या भाषेत उघडले पाहिजे. कर्जाच्या पानावरून थेट मुखपृष्ठावर आणून सोडणे डोळस माणसाला नुसते त्रासाचे असते. ऐकणाऱ्याला मात्र सगळा माग पुन्हा काढावा लागतो.

आता अर्ज. सभासदाने तक्रार केली ती याच पानावरून, म्हणून हे थोडे जवळून पाहू. नाव, खाते क्रमांक, गाव, कर्जाचे कारण, रक्कम अशा चौकटी एकाखाली एक आहेत आणि प्रत्येक चौकटीच्या वर तिचे नाव छान ठळक अक्षरांत लिहिले आहे. डोळ्यांना नाते स्पष्ट दिसते. पण कोडमध्ये ते नाव त्या चौकटीशी जोडलेले नसेल, तर टॅबची कळ दाबत जाणाऱ्या माणसाला एनव्हीडीए सांगतो: ‘एडिट, ब्लँक’. पुन्हा टॅब, पुन्हा ‘एडिट, ब्लँक’. कोणत्या चौकटीत रक्कम लिहायची आणि कोणत्या चौकटीत खाते क्रमांक, हे त्याने मोजून लक्षात ठेवायचे. उपाय एका ओळीचा आहे: प्रत्येक चौकटीला ‘लेबल’ द्यावे आणि ते कोडमधील तिच्या ओळखीशी (आयडीशी) बांधावे. चौकटीच्या आत फिकट अक्षरांत लिहिलेली सूचना हे लेबल नव्हे. टाइप करायला लागताच ती नाहीशी होते आणि अधू नजरेला तर ती मुळातच दिसलेली नसते. तारखेसाठी फक्त माउसने चालणारे कॅलेंडर नसावे, हाताने लिहिता यावे, आणि कोणत्या क्रमाने लिहायची ते लेबलातच सांगावे. अर्जात चूक झाली तर चौकट लाल करून भागत नाही. ‘खाते क्रमांकात एक आकडा कमी आहे’ असे वाक्य त्या चौकटीशी जोडलेले हवे आणि ते उमटताच वाचले गेले पाहिजे.

त्यापुढची अडचण कॅप्चा आणि ओटीपी यांची. वाकडी अक्षरे ओळखा, हे काम न दिसणाऱ्याला सांगणे म्हणजे दार दाखवून कुलूप लावणे आहे. डब्ल्यूसीएजीच्या 2.2 आवृत्तीत ‘डबल ए’ पातळीवर नवा निकष आला आहे की प्रवेश करताना कोडे सोडवणे किंवा पाठ केलेले आठवणे हाच एकमेव मार्ग असू नये, आणि पासवर्ड चिकटवू देणे किंवा फोनला तो आपोआप भरू देणे या सोयींना अडथळा करू नये. ओटीपीची मुदत संपण्यापूर्वी ती वाढवून मिळाली पाहिजे. टॉकबॅकवर चालणारा माणूस संदेश ऐकतो, आकडे लक्षात ठेवतो, परत पानावर येतो आणि चौकट शोधतो. जांबोटी-कणकुंबीकडे रेंज जाते-येते, तिथे संदेशच उशिरा पोचतो. त्यात दर वेळी जागा बदलणारा पडद्यावरचा आकड्यांचा कळफलक असेल तर तो काढून टाकावा, किंवा निदान त्याला पर्याय ठेवावा. खाते क्रमांक दाखवताना आणखी एक काळजी घ्यावी: बारा आकडे सलग लिहिले तर काही आवाज ती एक अब्जावधीची रक्कम समजून वाचतात, म्हणून चार-चारचे गट करावेत. ‘ता.’, ‘जि.’, ‘रु.’ ही लघुरूपेही पूर्ण लिहिलेली बरी, ‘ता. खानापूर’ हे आपण तालुका असे वाचतो, यंत्र ‘ता’ म्हणून थांबते.

मुदत ठेवींच्या व्याजदरांचा तक्ता हा प्रत्येक संस्थेचा सर्वाधिक पाहिला जाणारा भाग. स्तंभांची आणि ओळींची शीर्षके कोडमध्ये शीर्षके म्हणून नोंदवलेली असतील, तर एखाद्या दरावर आलेल्या माणसाला ‘ज्येष्ठ नागरिक, दोन वर्षे’ असे ऐकू येऊन मग दर ऐकू येतो. ती नोंद नसेल तर नुसते आकडे एकामागून एक कानावर आदळतात आणि आपण कोणत्या रकान्यात आहोत याचा पत्ता लागत नाही. जोडलेल्या, विभागलेल्या घरांचा शोभिवंत तक्ता टाळावा. तक्ता टाकून मांडणी सजवण्याची जुनी पद्धत तर सोडूनच द्यावी.

पानाची शीर्षके खऱ्या शीर्षकांच्या खुणांनी करावीत, फक्त अक्षर जाड करून नव्हे, कारण लांब पानावर दृष्टिबाधित वाचक एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उड्या मारतच पुढे जातो. वर ‘मुख्य मजकुराकडे जा’ असा एक दुवा असावा. ‘इथे क्लिक करा’ असे दहा दुवे नसावेत. आणि टॅबची कळ दाबत जाताना आपण कोठे आहोत हे दाखवणारी चौकट रचनाकाराने ‘दिसायला बरे नाही’ म्हणून काढून टाकली असेल तर ती परत आणावी. हे सगळे कुठल्याही भाषेच्या संकेतस्थळाला लागू आहे आणि यावर भरपूर लिहिलेले सापडते.

अधू नजरेच्या सभासदांबद्दल मात्र थोडे सांगावे लागेल, कारण त्यांची संख्या पूर्ण अंध सभासदांपेक्षा नेहमीच जास्त असते आणि ते स्वतःहून तक्रार करत नाहीत, नातवाला फोन देऊन मोकळे होतात. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या तेजस्वितेचे प्रमाण साध्या मजकुरासाठी किमान 4.5 ला 1 आणि मोठ्या अक्षरांसाठी 3 ला 1 असावे. भगव्यावर पांढरे किंवा पिवळ्यावर लाल हे आपल्याकडचे आवडते जोड बहुधा यात नापास होतात, आणि मोफत साधनांनी हे मोजता येते. अक्षर 200 टक्के मोठे केल्यावरही मजकूर कापला जाऊ नये. इथे देवनागरी आणि कन्नड यांची गरज रोमनपेक्षा वेगळी आहे. आपल्या मात्रा आणि रफार ओळीच्या वर जातात, उकार खाली येतात, कन्नडमध्ये जोडव्यंजने आणखी खाली लोंबतात. इंग्रजीसाठी ठरवलेले ओळींमधले अंतर तसेच ठेवले तर मोठ्या अक्षरांत वरचा अनुस्वार बटणाच्या कडेला कापला जातो. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट तरी असावी, कन्नडसाठी थोडी जास्त. इंग्रजी शीर्षकांत शोभेसाठी अक्षरांमध्ये अंतर टाकतात, ते देवनागरीला लावू नये, कारण शिरोरेखा तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांसारखा दिसतो. बारीक रेघेचे, नाजूक फॉन्टही टाळावेत. माणूस फोनवर बोटांनी पान मोठे करतो, ती सोय काही साच्यांत बंद केलेली असते. ती चालू करणे एका ओळीचे काम आहे.

कायद्याचे आपण विचारले नाही, पण संचालक मंडळात हा प्रश्न निघेलच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याचे कलम 42 माहिती आणि संपर्क तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेबद्दल आहे, आणि कलम 46 सेवा देणाऱ्यांना, सरकारी असोत वा खासगी, बांधून घेते. कलम 89 नुसार पहिल्या उल्लंघनाला 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे आणि पुढच्या प्रत्येकाला 50,000 ते 5 लाख रुपये. सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच ही संविधानाच्या अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानली आणि डिजिटल केवायसी (ग्राहकाची ओळख पटवणे) दिव्यांगांना करता येईल अशी बनवण्याचे निर्देश दिले. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवणे हा एकच मार्ग ठेवू नये हा त्यांतला एक. आपली संस्था ऑनलाइन केवायसी सुरू करण्याच्या विचारात असेल तर हा निकाल आपल्या सल्लागाराकडून वाचून घ्यावा.

तपासणीसाठी संकेतस्थळ बनवणारे एखाद्या स्वयंचलित साधनाचा अहवाल आणून देतील, त्यावर शंभरपैकी शंभर गुण असतील. अशी साधने उपयोगी आहेत, पण त्यांना लेबल आहे की नाही एवढे कळते, लेबल बरोबर आहे की नाही हे कळत नाही. जुन्या फॉन्टातले कडबोळे त्यांना वैध अक्षरेच वाटतात, आणि मराठी पानावर ‘ईएन’ लिहिले असले तरी भाषा दिलेली आहे म्हणून गुण मिळतात. इथल्या दोन सर्वांत मोठ्या चुका यंत्राच्या नजरेतून नेमक्या अशा सुटतात. म्हणून कार्यालयातील एका लेखनिकाने एनव्हीडीए उतरवून घ्यावा, तो मोफत आहे; माउस बाजूला ठेवावा, पडदा बंद करावा आणि व्याजदर शोधून अर्ज भरून पाहावा. त्यानंतर तक्रार करणाऱ्या सभासदालाच बोलवावे, शक्य असेल तर मराठी वाचणारा एक आणि कन्नड वाचणारा एक, आणि त्यांच्या वेळेचे मानधन द्यावे. त्यांनी स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या आवाजात काम करावे आणि आपण मदत न करता नुसते पाहावे, कारण ‘इथे दाबा’ असे एकदा म्हटले की चाचणी संपली.

संकेतस्थळ बनवणाऱ्याशी नवा करार करताना ‘सुगम्य असावे’ असे मोघम लिहू नये. डब्ल्यूसीएजी 2.2 ची ‘डबल ए’ पातळी असे नेमके लिहावे, आणि त्याखाली आपल्या भागापुरत्या चार अटी घालाव्यात: तिन्ही भाषांतील सर्व मजकूर युनिकोडमध्ये असेल, प्रत्येक पानाची आणि परक्या भाषेतील परिच्छेदांची भाषा कोडमध्ये नोंदवलेली असेल, कोणतीही नोटीस केवळ चित्र किंवा स्कॅन म्हणून चढवता येणार नाही, आणि शेवटचा हप्ता दृष्टिबाधित सभासदांनी अर्ज स्वतः भरून दाखवल्यावरच दिला जाईल. तिसऱ्या अटीसाठी संस्थेच्या बाजूनेही एक काम आहे: नोटीस छापखान्याला देताना तिचा मजकूर युनिकोडमध्ये वेगळा मागून घ्यावा. तो छापखान्याकडे नसेल तर कार्यालयात कोणीतरी फोनवर बोलून टाइप करून घेईल; मराठी आणि कन्नड दोन्हीसाठी ती सोय आता कोणत्याही साध्या स्मार्टफोनमध्ये आहे, आणि एका पानाच्या नोटिशीला त्याने फार वेळ लागत नाही.